वाळू दुरून, माती जवळून

मे महिन्यात बडोद्याहून पादरा किंवा करजणच्या बाजूला जावं आणि कपाशी निघून गेलेल्या एखाद्या मोकळ्या शेतात उतरावं. कानम पट्ट्यातली ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि आक्रसताना अशी फाटते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. वाळवंटाचे फोटो काढायचे म्हणून थेट जैसलमेरचं तिकीट काढणाऱ्या बडोदेकरांनी आधी दोन-तीन रविवार इथे घालवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याला विचारून उतरायचं, एवढीच अट.

वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर वाळू येते, आणि पहिली फसगत तिथेच होते. वाळवंटाच्या जमिनीत दोन निराळ्या वस्तू असतात. एक वाऱ्याने रचलेली वाळू, दुसरी पाण्याने आणून टाकलेली माती. जिथे वर्षानुवर्षं पाऊस नाही तिथेही कधीतरी पूर येतो, सखल जागी साचतो, गाळ खाली बसतो, पाणी उडून जातं आणि चिकणमातीचं सपाट ताट मागे राहतं. ओसाड दोन्ही, पण कॅमेऱ्याला दोघींशी वेगळं वागावं लागतं. एकीला तिरपं ऊन हवं, दुसरीला ऊन नसलेलंच बरं. एक दुरून कळते, दुसरी गुडघे टेकल्याशिवाय कळत नाही. एकीवर पाऊल उमटलं की फोटो गेला, दुसरीवर उमटलेलं पाऊल कधीकधी फोटोचा जीव होऊन बसतं. बहुतेकांचे फसलेले फोटो पाहिले तर यंत्रात दोष नसतो. मातीला वाळूसारखं आणि वाळूला मातीसारखं वागवलेलं असतं.

आधी माती. ओली चिकणमाती वरून वाळते आणि आकसू पाहते. खालचा ओला थर तिला सरकू देत नाही, ताण वाढत जातो आणि शेवटी पृष्ठभाग फाटतो. पहिली भेग लांबवर पळते. मागून येणारी भेग तिला बहुधा काटकोनात येऊन मिळते, कारण उघड्या भेगेच्या कडेशी तिला आडवा ताण सैल पडलेला असतो आणि फक्त भेगेच्या दिशेचा उरलेला असतो. म्हणून एकदाच वाळलेल्या जमिनीत इंग्रजी टी अक्षरासारखे सांधे आणि वेडेवाकडे चौकोन दिसतात. तीच जमीन पुनःपुन्हा भिजली आणि वाळली की सांधे हळूहळू १२० अंशांकडे सरकतात, वाय अक्षरासारखे होतात आणि चौकोनांचे षट्कोन व्हायला लागतात. सांधा पाहून सांगता येतं की ही माती एका पावसाची आहे की कित्येक पावसांची. चित्राच्या दृष्टीने षट्कोन शांत वाटतात, चौकोन अस्वस्थ. काय हवंय ते ठरवून जागा निवडावी. गाळाचा थर जितका जाड, तितके तुकडे मोठे. वरचा पातळ थर फार बारीक गाळाचा असेल तर तो खालच्यापेक्षा जास्त आकसतो आणि तुकड्यांच्या कडा वर वळतात, उन्हात टाकलेल्या पापडासारख्या. असे पापड एका पावलात मोडतात. गुरं आणि माणसं फिरायच्या आधी तिथे पोचलेलं बरं.

उभं राहून काढलेला भेगांचा फोटो नकाशासारखा दिसतो, आणि कॅमेरा जमिनीला टेकवला तर भेगा एकमेकींमागे लपून नाहीशा होतात. ४० ते ६० सेंटिमीटर ही उंची आम्हाला सर्वांत फळते, म्हणजे गुडघ्याच्या आसपास. कॅमेरा उभा, लेन्स १६ ते २४ मिमी, वरच्या बाजूला क्षितिजाची अरुंद पट्टी. इथे फोकसचं गणित आडवं येतं. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्सचं छिद्र एफ ११ वर ठेवून (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर साधारण ९० सेंटिमीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं. पण कॅमेरा अर्ध्या मीटर उंचीवर असतो तेव्हा चौकटीच्या खालच्या कडेची माती लेन्सपासून जेमतेम ५५ सेंटिमीटरवर असते. म्हणजे नेमका पुढचा, सर्वांत मोठा दिसणारा तुकडा धूसर. एफ २२ वर नेलं तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच मऊ पडतं. उपाय सरळ आहे: ट्रायपॉड न हलवता तीन फ्रेम घ्यायच्या, एक अर्ध्या मीटरवर, एक सव्वा मीटरवर, एक दूरवर, आणि घरी त्या जोडायच्या. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असलेल्यांची इथे चैन आहे. त्यांच्या १६ मिमी लेन्सला तेवढंच दृश्य मिळतं आणि एफ ११ वर ६० सेंटिमीटरच्या आतबाहेरपासून अनंतापर्यंतचं काम बहुधा एकाच फ्रेममध्ये भागतं.

मातीला ऊन नको म्हणण्याचं कारण असं. मातीच्या फोटोतली रेघ भेगेनेच काढलेली असते, ती अंधारी असायला सूर्य लागत नाही. कोवळं तिरपं ऊन पडलं की तुकड्यांवरचे खडे, काड्या, गुरांच्या खुरांचे ओरखडे सगळे आपापली सावली घेऊन पुढे येतात आणि रेघांचं जाळं त्या गर्दीत हरवतं. सूर्योदयाच्या आधीची २०-२५ मिनिटं, किंवा मावळल्यानंतरची तेवढीच, या कामाला सोन्यासारखी. आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या प्रिंटमेकिंग विभागात इंटॅग्लिओ छपाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. पत्र्यावर ओरखडलेल्या खाचेत शाई बसते, वरचा भाग पुसून घेतात आणि दाबाखाली कागदावर खाचेचीच रेघ उमटते. भेगेतला अंधार ही शाई, आणि मऊ प्रकाश म्हणजे वरचं पुसून काढणं. बडोद्याचे ज्योती भट्ट मुद्राचित्रकारही आहेत आणि छायाचित्रकारही. एकाच माणसाच्या हातात ही दोन कामं इतकी सहज का नांदतात, याचं एक उत्तर आम्हाला भेगाळलेल्या मातीत सापडतं. अशा फोटोंना रंगाची फारशी गरजही पडत नाही.

एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा त्यात, काळी माती आणि कच्छचं रण एकमेकांच्या उलट वागतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. काळ्या मातीने चौकट भरली तर तो ती उजळ करून राखेसारखी करतो, म्हणून एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करायचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). मिठाची झाक असलेल्या पांढुरक्या मातीवर तोच मीटर चित्र मळकट करतो, तिथे पाऊण ते एक स्टॉप वाढवायचं आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा पाय भिंतीला टेकत नाही ना ते पाहायचं.

ती पांढुरकी माती बडोद्यापासून चारएक तासांवर आहे. अहमदाबाद, विरमगाम करत दसाडा किंवा बजाणा गाठलं की कच्छचं छोटं रण सुरू होतं. घुडखर, म्हणजे रानगाढव, त्याचं अभयारण्य हेच. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरची ही जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाते, बनास, रूपेण, सरस्वती या नद्या इथेच येऊन पसरतात, आणि मग सगळं हळूहळू वाळतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य बंद असतं. आत जायला वनखात्याचा परवाना लागतो, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. उघडल्या उघडल्या धावत सुटण्यात अर्थ नाही. तेव्हा वर सायीसारखं कवच धरलेलं असतं आणि खाली चिखल. जीप रुळलेली चाकोरी सोडून दहा पावलं बाजूला गेली की बसते, आणि रणात बसलेली जीप काढायला दुसरी जीप शोधावी लागते. डिसेंबर-जानेवारीत जमीन पाय धरते. मार्चनंतर धूळ इतकी उडते की भेगा बुजायला लागतात.

रणातली खरी अडचण मात्र चिखल नाही, मोजमाप आहे. झाड नाही, घर नाही, टेकडी नाही. मातीचा तुकडा वीतभर आहे की हातभर, फोटोवरून कळत नाही. चित्र सुरेख असतं आणि तरी बघणाऱ्याच्या पोटात काही हलत नाही. म्हणून मापाला काहीतरी लागतं. चिखल ओला असताना घुडखर चालून गेलेलं असतं आणि त्याचा खूर वाळून पक्का झालेला असतो, हे आमच्या मते सर्वोत्तम माप. दूरवर बेटावरची वेडी बाभूळ, मिठाच्या पाट्याशेजारी अगरियांनी, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांनी, उभारलेली झोपडी, हेही चालतं. अगरिया हा शब्द आपल्या मिठागरातल्या आगराचाच भाऊ. पाटे म्हणजे त्यांची शेतं. पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट केलेला असतो आणि जमिनीखालचं खारं पाणी उपसून त्यात सोडलेलं असतं. त्यावर बुटांनी चालायचं नाही, आणि माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. क्षितिज तर पट्टीने आखल्यासारखं सरळ. अर्धा अंश वाकडं असलं तरी डोळ्यात खुपतं, त्यामुळे कॅमेऱ्यातली लेव्हल सुरू ठेवावी.

आता वाळू. डोंगरांबद्दलची दुरून साजरे असण्याची म्हण खऱ्या डोंगरांना टोमणा म्हणून लागते, पण वाळूच्या टेकड्यांना ती शब्दशः लागू आहे. जवळ गेलं की टेकडी उरत नाही, पायाखाली नुसता उतार असतो. टेकडी म्हणजे तिची धार, आणि धार दिसायला लांबून पाहावं लागतं. ७०-२०० मिमी ही टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, इथली मुख्य लेन्स. एकामागची एक धार जवळ येते, आकाश बाहेर राहतं, जीप आणि उंटांच्या रांगा चौकटीतून वगळता येतात. २०० मिमीवर एफ ११ ला फोकस १२० मीटरवर केला तर ६० मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं, म्हणजे पुढची टेकडी तेवढी दूर ठेवायची. वाइड लेन्स खिशात असू द्यावी, पण तिने काढलेले वाळूचे दहा फोटो घरी पाहिले तर आठांत नुसता पिवळा पट्टा आणि निळा पट्टा निघतो.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य असते. पाठीमागची बाजू वाळू ज्या कोनात घसरायला लागते त्या कोनात, म्हणजे ३२ ते ३४ अंशांत उभी असते. सौम्य बाजूवर सुरकुत्या असतात, घसरणीची बाजू गुळगुळीत. शाळेच्या भूगोलातला बारखाण, म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी, आठवत असेल तर त्याची शिंगं वाऱ्याच्या पुढे असतात. ही रचना ओळखली की कुठल्या बाजूने चढायचं ते ठरतं: जी बाजू फोटोत यायची नाही त्या बाजूने, धारेच्या खाली राहून. धारेवरून चालत गेलं की ती धार त्या दिवसापुरती संपली. एकाच्या मागून एकाने त्याच पावलांत पाऊल टाकत जावं.

सूर्याची उंची हा या कामातला सर्वांत महागडा आकडा. सुरकुती साधारण १ सेंटिमीटर उंच आणि पुढची तिच्यापासून १० सेंटिमीटरवर, असं धरू. हिवाळ्यात आपल्या अक्षांशावर सूर्य उगवल्यापासून अर्ध्या तासात ६ अंश चढतो, तासाभरात १२. सहा अंशांवर एका सुरकुतीची सावली साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पुढचीपर्यंत पोचते आणि खळगे सगळे काळे. बारा अंशांवर सावली पावणेपाच सेंटिमीटर, अर्धं ऊन, अर्धी सावली, आणि वाळू विणल्यासारखी दिसते. तीस अंशांवर पावणेदोन सेंटिमीटर, सुरकुत्या असून नसल्यासारख्या. म्हणजे कामाची वेळ उगवल्यानंतर अर्ध्या तासापासून सव्वा तासापर्यंत. एवढीच. त्यातही सूर्य सुरकुत्यांच्या रेषेतच असेल तर सावली पडतच नाही. मग टेकडीला वळसा घालून जिथे सुरकुत्यांनी दिशा बदलली आहे तिथे जावं लागतं. हे शोधणं आदल्या संध्याकाळी करून ठेवायचं काम आहे.

संध्याकाळी प्रकाश तसाच असतो, पण वाळू नसते. जैसलमेरजवळच्या समला दिवसभर उंट, जीप आणि माणसं टेकड्या मळून काढतात. खुरीला गर्दी कमी, तरी पावलं असतातच. रात्री वारा चांगला असेल तर सकाळी पाटी कोरी. उत्तरायणाला गच्चीवरून पतंग विनासायास चढतो, तेवढा वारा, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या पुढचा, सुटी कोरडी वाळू हलवायला लागतो. रात्रभर वारा पडलेला असेल तर सकाळी कालचेच बूट भेटतात, आणि तेव्हा आणखी किलोमीटरभर आत चालत जाण्याला पर्याय नाही.

रंगाची एक चूक जवळजवळ सगळे करतात: व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा पांढरं कशाला धरतो ती सेटिंग, ऑटोवर ठेवतात. वाळूची उजेडातली बाजू उबदार असते आणि सावलीवर निळ्या आकाशाचा प्रकाश पडलेला असतो. हा फरक म्हणजेच फोटो, आणि ऑटो सगळ्या चित्राचा रंग सरकवून त्यातली ऊब प्रामाणिकपणे काढून टाकतो. ५,२०० ते ५,५०० केल्विनवर कायम करावं, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवावी. लाल वाळूत एकट्या लाल रंगाचा हिस्टोग्राम आधी फुटतो, तो स्वतंत्र पाहावा. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर कोवळ्या उन्हात वाळूवरची चमक कमी करून रंग गडद करतो. पण वाइड लेन्सवर लावला तर आकाशात मधेच काळसर डाग पडतो.

वाळू आणि माती शेजारी-शेजारी हवी असेल तर जैसलमेरच्या बाजूला खडीन बघावेत. उतारावरून येणारं पावसाचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं आणि ओल मुरली की त्यात रब्बी घ्यायची, ही पालीवाल ब्राह्मणांची पद्धत. पीक निघाल्यावर तळ भेगाळतो. पण या जोडीचं जगातलं सर्वांत गाजलेलं ठिकाण नामिबियात आहे. नामिबच्या वाळवंटात त्साउचाब नदीचं पाणी एका सखल जागी साचायचं, तिथे बाभळीच्या कुळातली झाडं वाढली. पुढे हवामान कोरडं होत गेलं, टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि सहा-सातशे वर्षांपूर्वी झाडं मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. पांढऱ्या मातीच्या ताटात काळे सांगाडे उभे आहेत, शेजारी ३०० मीटरहून उंच लाल टेकडी. या जागेला डेडव्लेई म्हणतात.

तिथल्या प्रसिद्ध चित्रांत झाडांमागे सपाट नारिंगी पडदा दिसतो आणि खाली निळसर फरशी. बघणाऱ्याला ते रंगवलेलं वाटतं. करामत संगणकाची नसून वेळेची आहे. सकाळी पश्चिमेच्या टेकडीवर ऊन पडलेलं असतं आणि माती अजून सावलीत असते. माती मुळात फिकट, टेकडी मुळात गडद. फिकट वस्तू सावलीत आणि गडद वस्तू उन्हात, त्यामुळे दोघींचा उजेड जवळ येतो आणि एकाच एक्स्पोजरमध्ये मावतो. टेलिफोटोने आकाश कापलं की खोली नाहीशी होते. मग सावलीची कड टेकडीवरून खाली उतरत झाडाच्या बुंध्याशी येते, आणि ऊन फरशीवर सांडलं की खेळ खलास. ही युक्ती शिकायला नामिबियाला जावं लागत नाही. सिंधरोटच्या आसपास मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, सकाळी जावं. पिवळी भिंत उन्हात, तळ सावलीत, मधे एखादं वाळकं खोड असतंच.

दहा वाजल्यानंतर टेलिफोटो पिशवीत घालावी. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि दूरचं सगळं थरथरतं. हा दोष लेन्सचा नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. पुष्कळांनी यापायी चांगल्या लेन्स दुरुस्तीला टाकल्या आहेत.

राहिली धूळ, जी खरं म्हणजे सर्वांत आधी सांगायला हवी होती. वाळूचा कण जड असतो, तो जमिनीलगत उड्या मारतो, बहुतेक गुडघ्याच्या खालीच. म्हणून बॅग वाळूवर ठेवू नये, एवढ्याने निम्मं काम होतं. रणाची धूळ पिठासारखी, ती हवेत तरंगते आणि सगळीकडे जाते, वर तिच्यात मीठ. मीठ हवेतली ओल धरतं आणि ॲल्युमिनियम खातं. लेन्स बदलायचीच झाली तर जीपच्या काचा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. शक्य असेल तर दोन कॅमेरे, दोन लेन्स, आणि बदलाबदल नाही. काच पुसताना क्रम चुकवू नये: आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. कापड आधी फिरवलं की कण काचेवर रेघ ओढतो. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचा बारीक शिंतोडा मातीशी मिळून चिखल होतो.

ट्रायपॉडचं नेहमीचं वळणही इथे उलटं. एरवी वरचे जाड नळे आधी ओढतात. वाळूत आणि चिखलात सर्वांत खालचा बारीक नळा आधी पूर्ण ओढायचा, म्हणजे त्याचं कुलूप जमिनीपासून वर राहतं. पाय वाळूत १०-१५ सेंटिमीटर दाबून रोवायचे आणि थोडं थांबायचं, वाळू अजून बसत असते. मऊ जागी प्रत्येक पायाखाली डब्याचं प्लास्टिकचं झाकण.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय कोरडे असताना बंद करायचे नाहीत, आतला कण नळ्याला कायमचा ओरखडा काढतो. कुलपं उघडून नळे सुटे करायचे आणि बादलीभर गोड्या पाण्यात बुडवायचे. पहिलं पाणी गढूळ होतं, ते ओतून द्यायचं. दुसरं स्वच्छ दिसतं, पण त्यात बोट बुडवून वाळू दिलं तर बोट चिकट लागतं. तिसऱ्या पाण्यानंतर ते लागत नाही. मग नळे उभे करून रात्रभर निथळू द्यायचे आणि सकाळी आट्यांवर वंगणाचं पातळ बोट फिरवायचं.